सहाचं मोडलं

मंगळवार, २१ जानेवारी १९८६, सकाळी अकरा. वाया गेलेलं पाणी बारा क्युसेक्सने सतरा तास, म्हणजे सात लाख चौतीस हजार चारशे घनफूट. हजर : उपअभियंता साहेब, चौकी सहाचे सखाराम तात्या, चौकी चारचे खाजाभाई, चौकी सातचा उत्तम वाघमारे, कालव्याच्या शेपटाकडच्या अकरा खातेदारांच्या वतीने बापूराव, आणि लिहून घ्यायला मी, पाणी कारकून. चहा सहा कप आला, पाच प्यायले गेले. वाघमारेने कपाला हात लावला नाही.

या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांची तीन वर्षं पत्रं येत आहेत. त्यांना नोकरीतले गमतीदार अनुभव हवेत. तसे दोन-चार आहेत, ओघात येतील. पण सव्वीस वर्षं पाण्याचा हिशेब लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात जो प्रश्न उरला आहे तो पाण्याचा नाही. नवा माणूस कामावर आला की त्याला काम कळतं कुठून? लिहिलेल्या कागदातून की चाललेल्या बोलण्यातून? आमच्याकडे दोन्ही भरपूर होतं. तरी वाघमारेला एक शब्द कळला नाही, आणि त्यापायी त्याची नोकरी जायची वेळ आली.

आधी काम सांगतो, म्हणजे बाहेरच्या माणसाला समजेल.

आमचं ऑफिस पाथरी तालुक्यात, एका शाखा कालव्यावर. कालवा चौतीस किलोमीटर, त्यावर नऊ चौक्या. चौकी म्हणजे दोन खोल्या, कालव्यात उभं केलेलं लोखंडी गेट, ते वरखाली करायचं चाक, पाण्याची उंची दाखवणारी रंगवलेली पट्टी आणि तिथं बिऱ्हाड करून राहणारा एक माणूस. पाणी सुटलं की ते नऊ चौक्यांवरून वाटत वाटत शेपटाच्या गावांना जायचं. कोणत्या चौकीने कधी, किती तास, किती पाणी घ्यायचं त्याचा तक्ता मी करायचो. त्याला पाळी म्हणतात. पाळी हुकली की शेतकऱ्याला पुढच्या पाळीपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन आठवडे, आभाळाकडे बघत बसावं लागतं.

या नऊ चौक्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या दोन गोष्टी होत्या.

एक, फिरतं पत्र. पाळी बदलली, नियम आला, पट्टी नव्याने रंगवली, काही झालं की मी एक पत्र लिहायचो. ते गस्तीच्या सायकलवाल्याबरोबर चौकी एकला जायचं. तिथला माणूस वाचायचा, 'पाहिले' लिहून सही करायचा, काही म्हणायचं असेल तर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा, मग ते दोनला. असं नऊपर्यंत जाऊन परत माझ्याकडे. नऊ-दहा दिवस लागायचे. परत आलं की मी ते फायलीला लावायचो. अकरा वर्षांची पत्रं माझ्याकडे क्रमाने होती. कोणीही यावं आणि बघावं.

दुसरी, लाईन. कालव्याच्या कडेने खांब होते, त्यावर एक तार, आणि त्या एकाच तारेवर सगळ्या चौक्या आणि ऑफिस. टेलिफोनला हँडल होतं. प्रत्येकाची घंटी ठरलेली : चारची दोन लांब एक आखूड, सातची तीन आखूड एक लांब. घंटी मात्र सगळीकडेच वाजायची, आणि कोणीही फोन उचलून ऐकू शकायचा. ऐकायचेच. सकाळी गेजचे, म्हणजे पट्टीवरचे, आकडे सांगून झाले की दिवसभर लाईनवर गप्पा. कोणाच्या म्हशीने दूध चोरलं, जिंतूरच्या बाजारात कापसाचा काय भाव निघाला, कोणाच्या मुलीला बघायला कोण आलं. एकदा तर गुलाबराव नावाचे खातेदार माझ्या ऑफिसात आले, मी काही बोलायच्या आत फोन उचलून हँडल फिरवलं आणि ओरडले, "ए चोरांनो! कुणी ढापलं माझं पाणी?" पलीकडून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "नंबर चुकला, हितं समदे पाटील राहतेत." गुलाबराव स्वतःच हसत सुटले आणि चहा पिऊन गेले.

लाईनवर कोणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. खाजाभाईंना 'हैदराबाद' म्हणायचे, कारण त्यांचे वडील निजामाच्या नोकरीत होते. तात्यांना 'मालक'. मला 'दशांश', कारण मी आकडा दशांशाच्या दोन घरांपर्यंत मागायचो. मला त्याचा राग नव्हता. थोडा अभिमानच होता म्हणा.

उत्तम वाघमारे आला फेब्रुवारी पंच्याऐंशीला. वय सव्वीस, बायको, एक वर्षाची मुलगी. मूळचा चुडाव्याकडचा, वडील रेल्वेत गँगमन. बौद्ध कुटुंब. नेमणूक रोजंदारीवर, सलग दिवस भरले की कायम होणार. त्याच्याबरोबर आणखी चौघे लागले होते, वेगवेगळ्या शाखांवर.

पहिल्या आठवड्यातच लाईनवर त्याला नाव पडलं : 'नामांतर'.

आमच्या भागात अठ्ठ्याहत्तर साली काय झालं ते वाचकांना सांगायला नको. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव घरं जळाली. पंच्याऐंशीतही तो शब्द मोठ्याने उच्चारला की माणसं आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायची. आणि लाईनवर मात्र सकाळी सात वाजता, "काय नामांतर, गेज किती?" तात्यांनी पहिल्यांदा म्हटलं, सगळे हसले, आणि ते राहिलं. वाघमारे आकडा सांगायचा आणि फोन ठेवायचा. मी आकडा लिहून घ्यायचो. दशांशाच्या दोन घरांपर्यंत.

तात्या वाईट माणूस होते असं कोणाला वाटू नये, म्हणून हेही लिहितो. जूनमध्ये वाघमारेच्या मुलीला ताप चढून डोळे फिरले. त्याने हँडल फिरवलं, कोणाची घंटी द्यायची ते न सुचून नुसतं फिरवत राहिला. सगळ्यांनी उचललं. खाजाभाई म्हणाले, "घबराव नक्को. पानी की पट्टी रखो माथे पे. गाडी आती." तात्यांनी स्वतःच्या गावातून एक जीप गाठली, स्वतः बसून सातला गेले, मुलीला मांडीवर घेऊन पाथरीच्या दवाखान्यात नेलं. सगळं पाऊण तासात. फिरत्या पत्राने ते होणं शक्य नव्हतं. पत्र आलं असतं नवव्या दिवशी. परत येताना तात्या वाघमारेला म्हणाले म्हणे, "पोरगी गोड हाय रे, नामांतर."

त्यानंतरही तो लाईनवर फारसा यायचा नाही. त्याऐवजी दर पंधरवड्याला पगाराच्या कागदांसाठी आला की माझ्या फायली मागायचा. बाकावर बसून जुनी फिरती पत्रं वाचायचा, तारीखवार. माझ्या नोकरीत ती फाइल स्वतःहून मागणारा तो पहिला. मला बरं वाटायचं.

"कशाला वाचतोस एवढं?" मी एकदा विचारलं.

"बाबू, आमच्याकडं रेल्वेत फोनवर बोललेलं वहीत लिवल्याबगर गेट उघडत न्हाईत. नंबर देतेत, घेतेत, मग उघडतेत. हितं समदं तोंडीच चालायलंय. म्हनलं, लिवलेलं तरी पाठ करावं."

त्याने खरंच पाठ केलं होतं. त्यातला एक नियम माझ्याच अक्षरात होता : 'वरच्या चौकीचे गेट निकामी झाल्यास खालच्या चौकीने एस्केप तात्काळ पूर्ण उघडावा व लेखी आदेश येईपर्यंत बंद करू नये.' एस्केप म्हणजे जादा पाणी नाल्यात सोडून द्यायचं फाटक. वरचं गेट तुटून सगळं पाणी एकदम आलं तर कालवा फुटतो आणि खालचं गाव वाहून जातं. त्यापेक्षा पाणी नाल्यात गेलेलं बरं.

आता तो शब्द.

शेतात पाणी देताना एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात वळवतात. त्याला आमच्याकडे दारं मोडणं म्हणतात. शेतातलं माणूस रोज बोलतं, "दारं मोडायला चाललो." लाईनवर तोच शब्द चौक्यांना लागू झाला होता. 'सहाचं मोडलं' म्हणजे सहाची पाळी संपली, सहाचं बंद करून पाणी पुढे, सातकडे, वळवलं. हे कोणी कोणाला कधी शिकवलं नाही. माझ्या अकरा वर्षांच्या एकाही पत्रात तो शब्द नाही, कारण कागदावर मी 'पाळी पूर्ण झाली' असं लिहायचो.

गुरुवार, १६ जानेवारी. तक्त्याप्रमाणे सहाची पाळी शुक्रवारी सकाळी संपायची होती. पण सहावरच्या लोकांचं भिजवून लवकर झालं, आणि तात्यांनी लाईनवर खाजाभाईंशी बोलून गुरुवारी दुपारीच पाणी पुढे सोडलं. वेळ वाचली, चांगलंच झालं. असं नेहमी व्हायचं. त्याचं पत्र नंतर निघायचं.

दुपारी तीनच्या सुमाराला माझा फोन टेबलावर उघडाच होता, मी आकड्यांची वाट बघत महिन्याच्या विवरणाची बेरीज करत होतो. तात्यांचा आवाज आला, "खाजाभाई, सहाचं मोडलं बगा." तेवढ्यात वाघमारेचा आवाज. तो लाईनवर असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्याच्या पट्टीवर पाणी भराभर चढत होतं म्हणून त्याने उचलला होता.

"सहाचं गेट मोडलं का?"

"मोडलं की! कवाच मोडलं! नामांतर, झोपला व्हतास का?"

दोघं-तिघं हसले. खट्ट आवाज आला, वाघमारेने फोन ठेवला होता.

'गेट' हा शब्द माझ्या कानाला लागला. आमच्यात पाणी वळवण्याला कोणी 'गेट मोडलं' म्हणत नाही. गेट मोडतं ते रेल्वेच्या फाटकावर, ट्रक धडकला की. इतकं माझ्या लक्षात आलं, आणि मी बेरजेत हातचे तीन धरून पुढच्या रकान्याकडे गेलो. लाईनवरचं बोलणं हे माझं काम नाही, माझं काम कागदावर येईल तेव्हा, अशी माझी शिस्त होती.

वाघमारेने नियमाप्रमाणे एस्केप पूर्ण उघडला. नियमाप्रमाणे लेखी अहवाल लिहून एका खातेदाराच्या सायकलवर ऑफिसला पाठवला. तो पोचला तेव्हा ऑफिस बंद झालं होतं. शिपायाने माझ्या टेबलावर ठेवला. लाईनवर नंतर सातची घंटी दोनदा वाजली. त्याने उचलला नाही. सात उचलत नाही याची सगळ्यांना सवय होती. शुक्रवारी गेजचे आकडे घ्यायला पहाटेच ऑफिसात आलो तेव्हा कागद वाचला, साहेबांची सही घेऊन सायकल पाठवली, आणि आठ वाजता एस्केप बंद झाला. शेपटाच्या अकरा जणांचा गहू फुलोऱ्यात होता, त्यांच्या शेतात पाणी नेणाऱ्या चारीत रात्रभर चिखलही झाला नाही.

शनिवारी वाघमारे ऑफिसात आला. त्याच्या हातात शाळेची चाळीस पानी वही होती. ती माझ्यापुढे ठेवली.

"ह्ये बगा बाबू. अकरा महिने लिवायलोय."

वहीत लाईनवर ऐकलेले शब्द होते, एकाखाली एक, समोर अर्थ. मी मोजले : सदतीस. चोवीसांपुढे अर्थ लिहिलेला, तेरांपुढे जागा मोकळी. 'शेपूट ओलं करणे', 'पट्टी खाणे', 'हैदराबादला विचारा'. बरेचसे अर्थ बरोबर होते. एकोणतिसाव्या ओळीवर होतं, 'मोडणे : तुटणे'. आणि तिसऱ्या ओळीवर, 'नामांतर : मी'.

मी वही मिटली.

"विचारलं का नाहीस कोणाला?"

"कुठं इचारू? लाईनवर इचारलं तर हसतेत. पत्रात इचारलं तर नऊ चौक्या त्याच्यावर सह्या करतेत."

तो खोटं बोलत नव्हता. काही वर्षांपूर्वी एका नव्या माणसाने शेऱ्याच्या रकान्यात प्रामाणिकपणे विचारलं होतं की पाणी पट्टीच्या शून्याखाली गेलं तर आकडा काय लिहायचा. पत्र नऊ चौक्या फिरून आलं तेव्हा त्याखाली सात जणांनी विनोद लिहिले होते, आणि त्याचं नाव 'शून्यराव' पडलं ते बदली होईपर्यंत. ते पत्रही मी फायलीला लावलेलं आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यावर कोणी दिलेलं नाही. मीही नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली. त्याच्या घरी कधी शेत नव्हतं. वडिलांचं आयुष्य रुळावर गेलं. दारं मोडणं त्याने बघितलं नव्हतं, केलं नव्हतं, त्यामुळे ऐकलं नव्हतं. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी दोन का होईना एकर होतं. शेत नसलेला माणूस पाण्याच्या खात्यात असू शकतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

चौकशी मंगळवारची ठरली. तोवर बातमी फिरली की तात्या म्हणतात, "मी खाजाभाईशी बोलत व्हतो. त्या पोराला मी काय बी सांगितलं न्हाई. मधीच ऐकलं आन् केलं त्याच्या मनानं." हे धरलं असतं तर वाघमारेने ऐकीव गोष्टीवर सरकारी पाणी नाल्यात सोडलं असं झालं असतं. रोजंदारीचा माणूस, कमी करायला एक ओळ पुरते. तात्यांनी उत्तर वाघमारेलाच दिलं होतं हे सिद्ध करणारा त्या बोलण्यात एकच शब्द होता, आणि तो शब्द म्हणजे त्याला दिलेलं नाव. ते ऐकल्याचं लिहून देऊ शकणारा तटस्थ माणूस मी.

रविवारी घरी कागद घेऊन बसलो. बायको म्हणाली, "सकाळपासनं काय लिवायलाव एवढं? एक पान तर हाय."

मी तिला सांगितलं.

"मग जे ऐकलं ते लिवा की. त्यात काय हिशेब करायचाय?"

"तो शब्द आहे त्यात."

"त्यांनी बोलायचा तवा बोलला, तुमी ऐकायचा तवा ऐकला. आता लिवायलाच कसा जड व्हायलाय?"

मी लिहिला. पूर्ण वाक्य, जसंच्या तसं. सोमवारी साहेबांना मसुदा दाखवला. साहेब मूळचे पुण्याकडचे, कामाचा माणूस, कोणाच्या जातीत नाक खुपसणारे नव्हते. त्यांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला.

"शिंदे, हा शब्द नको. कागद वर गेला की चार टेबलांवरून फिरतो. कोणीतरी पेपरवाल्याला देईल. मग गावात दगड पडतील आणि लोक विचारतील सुरुवात कुठे झाली, तर आपल्या ऑफिसात. त्या पोराला तरी ते परवडेल का?"

"पण साहेब, त्याशिवाय..."

"दुसऱ्या शब्दात लिहा. तुम्हाला येतं लिहिता."

मला येतं लिहिता. मी लिहिलं : 'सदर उत्तर संबंधितास उद्देशून दिल्याचे मी ऐकले.'

मंगळवारी साहेबांनी जबाब वाचून दाखवला. तात्या लगेच म्हणाले, "संबंधित म्हंजे खाजाभाई. बराबर हाय बाबूंचं."

बापूराव खातेदार म्हणाले, "कुनाचं का असंना. आमचा गहू उभ्यानं वाळायलाय, ते बोला."

साहेब वाघमारेकडे वळले. "तुलाच सांगितलं हे कशावरून?"

"साहेब, मला तिथं ज्या नावानं हाका मारतेत त्या नावानं सांगितलं."

"कोणत्या नावानं?"

वाघमारेने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात शंका अजिबात नव्हती. "बाबूनं ऐकलंय. त्यांच्या कागदात असंल."

मी कागदाकडे बघत होतो. साहेबही कागदाकडेच बघत होते. बोलायला मला चार सेकंदं पुरली असती. मी किती घालवली ते मोजलं नाही. माझ्या नोकरीतली न मोजलेली अशी तेवढीच असतील.

खाजाभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साब, 'नामांतर' बोले थे. इस बच्चे को हम सब येच बोलते. मेरे को तो 'हैदराबाद' बोलते, तात्या मेरे को नामांतर कायको बोलेंगे? जवाब इसकोच दिये. मैं भी हँसा था."

तात्या ताडकन म्हणाले, "आरं खाजाभाई, चेष्टेतलं बोलणं ते..."

"चेष्टा में बोला, मालक, मगर उसकोच बोला."

साहेबांनी मला विचारलं, "शिंदे, हा शब्द ऐकलात तुम्ही?"

"हो साहेब."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं. पण वाघमारेच्या चेहऱ्यावर तो होता, आणि तो त्याने त्यानंतर कधीही मला विचारला नाही. फायली मागायलाही आला नाही.

बाहेर पडल्यावर ऑफिसच्या पायऱ्यांवर तात्या बिडी न पेटवता नुसती हातात धरून बसले होते. मला म्हणाले, "दशांश, त्या पोराची पोरगी माझ्या मांडीवर व्हती रे. मी त्याचं वाईट चितलं का?" मी नाही म्हणालो. ते खरंही होतं, आणि त्याने काही बदलत नव्हतं.

निर्णय असा झाला की शब्दाचा घोटाळा झाला, दोष कोणा एकाचा नाही. 'नामांतर' कागदावर आला नाही. नोकरी वाचली. पण सतरा तास पाणी गेलं याची काहीतरी नोंद वर दिसायला हवी होती.

फेब्रुवारीत मी एक फिरतं पत्र काढलं : 'लाईनवर वापरले जाणारे शब्द व त्यांचे अर्थ'. वाघमारेची वही मागवून घेतली. मोकळे तेरा अर्थ खाजाभाईंकडून भरून घेतले. वहीत तिसऱ्या ओळीवर त्याने आडवी रेघ मारून पाठवली होती. गस्तीवाल्याने निरोप दिला, "त्यो म्हनला, ह्यो शब्द समद्यांला ठाव हाय, ह्यो नको." छत्तीस शब्द गेले. नवव्या दिवशी पत्र परत आलं, सगळ्या सह्यांसकट. शेऱ्याच्या रकान्यात यावेळी कोणी विनोद केला नव्हता. नंतर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी मी ते पत्र दिलं. लाईनवर त्याआधीच नवे शब्द तयार झालेले असायचे.

मला अजून ठरवता येत नाही. पत्र उशिरा येतं, पण त्यावर चौकी सातचा माणूस 'श्री. उत्तम गणपत वाघमारे' असतो. लाईन पाऊण तासात मूल वाचवते, आणि तीच लाईन माणसाला फोन उचलू देत नाही. माझ्या हातात असतं तर नव्या माणसाला मी दोन्ही दिली असती आणि शेजारी एक असा माणूस बसवला असता ज्याला मूर्ख प्रश्न विचारता येतील. असा माणूस आमच्याकडे एक होता. तो बेरीज करत होता.

आता काय दिलं आणि कोणाला, ते.

पुढच्या पाळीतून शेपटाला जादा पाणी काढता आलं ते नऊ तास. अकरा खातेदारांपैकी आठ जणांना तास-तास मिळालं. शेवटच्या तिघांना वीस-वीस मिनिटं. त्यात बापूराव होते. सखाराम तात्यांना तोंडी समज. खाजाभाईंना काही नाही. उत्तम वाघमारेला सेवेत एक दिवसाचा खंड देण्यात आला. एक दिवस दिसायला लहान आहे, पण सलग दिवसांची मोजणी त्यानंतर पुन्हा एकपासून सुरू झाली. त्याच्याबरोबर लागलेले चौघे कायम झाले त्यानंतर अकरा महिन्यांनी तो झाला. खंडाचा आदेश माझ्या अक्षरात आहे. त्यात त्याचं नाव पूर्ण आणि बरोबर लिहिलेलं आहे.